डेगानाची बंद खाण, एक बातमी आणि माझा फसलेला परिच्छेद



गेल्या महिन्यात एका वाचकाचा निरोप आला. "ताई, पेट पास झालो. आता मुलाखत आहे. विषय ठरवलाय, डेगानातील लिथियमचा प्रचंड साठा. सिनॉप्सिसची सुरुवात कशी करू?" सोबत मे २०२३ मधल्या एका बातमीचं कात्रण होतं.

उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं. कारण ते कात्रण माझ्या ओळखीचं होतं. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यातला पहिला परिच्छेद त्याच बातमीवर उभा होता. गाइडनी तो वाचला आणि समासात पेन्सिलने तीनच शब्द लिहिले: "कशाचा? किती? कुणी?" त्या तीन शब्दांची उत्तरं शोधण्यात माझे आठ महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख. यात मी त्या बातमीचं परीक्षण करणार आहे. पण त्यासाठी आधी खाण समजून घ्यावी लागेल, आणि ती खाण लिथियमची नव्हतीच. ती टंगस्टनची होती.

टेकडी आणि तिच्यातला दगड

डेगाना राजस्थानच्या नागौर जिल्ह्यात आहे. जोधपूरहून फुलेराकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं जंक्शन. संगमरवराचं मकराना याच मार्गावर, फार लांब नाही. गावाजवळ रेवत नावाची एक छोटी टेकडी आहे. भोवती सपाट, कोरडा मुलूख आणि मध्ये हा ग्रॅनाइटचा उंचवटा. हा ग्रॅनाइट दिल्ली सुपरग्रुपच्या जुन्या फायलाइट खडकांत घुसलेला आहे.

ग्रॅनाइट भारतभर आहे. मग टंगस्टन याच टेकडीत का? साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. रस आटवत नेला की साखरेचे स्फटिक बनतात, आणि त्या स्फटिकांत जे बसत नाही ते सगळं मळीत उरतं. शिलारस थंड होतानाही साधारण तेच होतं. क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार, साधा अभ्रक यांच्या स्फटिकांत टंगस्टन, कथील, लिथियम, फ्लोरिन यांना फारशी जागा मिळत नाही. ते शेवटपर्यंत उरलेल्या रसात साठत जातात. मग हा फ्लोरिनयुक्त, पाणीदार, गरम द्रव ग्रॅनाइटच्या माथ्याकडे चढतो, भेगांत शिरतो आणि तिथे निवतो. भेगांत क्वार्ट्‌झच्या शिरा तयार होतात आणि त्यांत काळं, जड वुल्फ्रमाइट. शिरांच्या आजूबाजूचा ग्रॅनाइटही बदलतो. त्यातला फेल्डस्पार नाहीसा होऊन क्वार्ट्‌झ, अभ्रक आणि पुष्कराज कुळातला टोपाझ उरतो. अशा बदललेल्या खडकाला ग्रायझन म्हणतात. डेगानातला हा अभ्रक साधा नाही, तो झिनवाल्डाइट आहे. त्याच्या रचनेतच लिथियम असतं.

ही ओळ लक्षात ठेवा. बातमीचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

वुल्फ्रमाइट म्हणजे लोह आणि मँगनीजचं टंगस्टेट. त्याची घनता ७ ते ७.५, तर क्वार्ट्‌झची २.६५. म्हणून टेकडी झिजली तेव्हा हलकं वाहून गेलं आणि वुल्फ्रमाइटचे कण पायथ्याच्या मुरमाड थरात अडकून राहिले. डेगानात टंगस्टन तीन जागी सापडतं ते यामुळे: ग्रॅनाइटमधल्या शिरांत, लगतच्या खडकात पसरलेल्या बारीक शिरांच्या जाळ्यात, आणि टेकडीभोवतीच्या मुरमात.

खाण चालते कशी, बंद पडते कशी

टंगस्टन ३४२२ अंश सेल्सियसला वितळतं. पोलादात थोडं मिसळलं की कापणारं हत्यार लाल तापलं तरी धार सोडत नाही. तोफा आणि तोफगोळे घडवणाऱ्या कारखान्यांना पहिल्या महायुद्धात अशा हत्यारांची निकड होती. त्याआधी ब्रह्मदेशातलं बरंचसं वुल्फ्रमाइट जर्मनीत जात असे. युद्ध पेटल्यावर इंग्रजांना ते उमगलं आणि साम्राज्यात जिथे जिथे हा काळा दगड आहे तिथे खणाखणी सुरू झाली. डेगानात दोन्ही महायुद्धांच्या काळात उत्खनन झालं. स्वातंत्र्यानंतर ती सरकारी हातांत राहिली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली.

का बंद पडली, हे मी तुम्हाला सांगण्यापेक्षा तुम्हीच वही काढा. खालचे आकडे डेगानाचे नाहीत, हिशेब कळावा म्हणून मी घेतलेले आहेत.

समजा, शीर २० सेंटिमीटर रुंद आहे आणि तिच्यात टंगस्टन ट्रायऑक्साइड १ टक्का आहे. कागदावर छान दिसतं. पण २० सेंटिमीटरच्या फटीत माणूस उभा राहत नाही. ड्रिल धरायला, फोडलेला दगड ओढायला किमान मीटरभर जागा लागते. म्हणजे २० सेंटिमीटर शिरेबरोबर ८० सेंटिमीटर निरुपयोगी खडकही फोडायचा. बाहेर येणाऱ्या दगडात आता टंगस्टन ट्रायऑक्साइड ०.२ टक्के. एका टनात २ किलो.

हा दगड दळायचा. मग पाण्याबरोबर हलत्या टेबलावर सोडायचा. आजी सुपात धान्य पाखडते ना, तेच तत्त्व. जड एकीकडे, हलकं दुसरीकडे. पुढे चुंबकाने वेगळं करायचं, कारण वुल्फ्रमाइट चुंबकाकडे थोडं ओढलं जातं आणि सोबत येणारं कथिलाचं खनिज ओढलं जात नाही. वुल्फ्रमाइट ठिसूळ असतं, दळताना त्याची पूड होते आणि ती पाण्याबरोबर निसटते. हाती ७० टक्के लागलं असं धरू. म्हणजे टनामागे १.४ किलो. बाजारात विकायचं तर माल साधारण ६५ टक्क्यांचा लागतो. एक टन विकाऊ मालात ६५० किलो ट्रायऑक्साइड. ६५० भागिले १.४ करा. सुमारे ४६४ टन दगड फोडला, दळला, धुतला, तेव्हा एक टन माल.

आता दर घसरला तर? १९८० च्या दशकात चीनचं स्वस्त टंगस्टन जगभर आलं आणि चीनबाहेरच्या कितीतरी खाणी एकामागून एक मिटल्या. डेगाना त्यातलीच. दगड संपला नव्हता. त्या दरात तो फोडणं परवडत नव्हतं. "खाण बंद" आणि "खनिज संपलं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि आपण ती सर्रास एकाच अर्थाने वापरतो.

आता बातमीकडे

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यातल्या सलाल-हैमना भागात ५९ लाख टनांचा साठा जाहीर झाला. तीन महिन्यांनी डेगानाची बातमी आली: रियासीपेक्षा मोठा साठा, देशाची ८० टक्के गरज भागेल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लगेच स्पष्टीकरण दिलं की अशी कुठलीही माहिती आम्ही दिलेली नाही, या बातम्या निराधार आहेत.

बऱ्याच जणांनी इथे विषय मिटवला. "फेक न्यूज होती." मला वाटतं, असं म्हणणारेही बातमी देणाऱ्यांइतकेच घाईत होते. गाइडच्या तीन शब्दांनी ती बातमी तपासू.

*कशाचा?* बातमीत "लिथियमचा साठा" असं होतं. पण लिथियम धातू, लिथियम असलेलं खनिज आणि ते खनिज असलेला खडक, या तीन गोष्टी आहेत. रियासीचे ५९ लाख टन हे खडकाचे टन आहेत, धातूचे नाहीत. ते धातूचे समजून कित्येकांनी आपल्याला थेट दक्षिण अमेरिकेच्या पंगतीत बसवलं. डेगानाची तुलना त्या आकड्याशी केली, म्हणजे आधीच चुकीचा वाचलेला आकडा फूटपट्टी म्हणून वापरला.

फरक किती पडतो पाहा. झिनवाल्डाइटचं आदर्श सूत्र घेतलं तर एका सूत्राचं वजन सुमारे ४३८ येतं, त्यात लिथियम ६.९४. म्हणजे शुद्ध खनिजातही लिथियम १.६ टक्के. निसर्गात हे कमीजास्त होतं. खडकात हा अभ्रक ३० टक्के आहे असं उदाहरणापुरतं धरा. खडकात लिथियम ०.४७ टक्के, टनामागे ४.७ किलो. बॅटरीवाले ज्या कार्बोनेटच्या भाषेत बोलतात त्यात बदलायला ५.३२ ने गुणा: २५ किलो. वाटेत ४० टक्के वाया गेलं तर १५ किलो. म्हणजे एक हजार किलो खडक फोडून हाती १५ किलो. "टन" हा शब्द पहिल्या आकड्यालाही लागतो आणि शेवटच्यालाही.

*किती?* खनिज साठ्याचा आकडा कधी एकटा येत नाही, त्यासोबत शोधाची पायरी येते. जी-४ म्हणजे टेहळणी, जी-३ म्हणजे प्राथमिक शोध, जी-२ म्हणजे सर्वसाधारण अन्वेषण, जी-१ म्हणजे तपशीलवार. रियासीचा आकडा जी-३ होता, तसं जाहीर करतानाच सांगितलं होतं. मुलगी पाहायला जायचं ठरणं आणि लग्नाची पत्रिका छापणं यात जेवढं अंतर, तेवढंच जी-३ आणि चालू खाण यांत असतं. डेगानाच्या बातमीत पायरीच नव्हती. बोअरहोल किती, खोली किती, सरासरी प्रत किती, काहीच नाही. आणि "८० टक्के गरज" म्हणताना गरज कुठल्या वर्षाची? आजची की वीस वर्षांनंतरची? छेद न सांगता टक्केवारी दिली की ती तपासताच येत नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. आकडा चूक असता तर आपण तो खोडून काढला असता. या आकड्याला खोडायलाही जागा नव्हती.

*कुणी?* बातमीत "अधिकाऱ्यांनी सांगितलं" होतं. कोणत्या खात्याचे, कोणत्या अहवालाच्या आधारे, ते नव्हतं. ज्या संस्थेचं नाव घेतलं तिनेच हात झटकले. मी मात्र माझ्या परिच्छेदात तीच बातमी उद्धृत करणाऱ्या आणखी चार बातम्या जोडून "अनेक स्रोतांनुसार" असं लिहिलं होतं. पाच संकेतस्थळं, पण स्रोत एकच. लाज वाटते, पण लिहिते, कारण तुमच्यातल्या निम्म्यांच्या मसुद्यात हे आत्ता आहे.

बातमीच्या बाजूने

आता न्यायाने दुसरी बाजू. बातमीचा गाभा, म्हणजे "डेगानात लिथियम आहे", हा भूशास्त्राच्या विरोधात नाही. तिथलं ग्रायझन झिनवाल्डाइटचं आहे, हे अभ्यासकांना बातमीच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. त्यामुळे "सापडलं" हा शब्द चूक, पण "काहीच नाही" हेही चूक. सर्वेक्षणाचं स्पष्टीकरण नीट वाचा. ते साठ्याच्या दाव्याबद्दल आहे. टेकडीत लिथियमचं खनिज नाही, असं त्यात म्हटलेलं नाही.

याला जगात जोडही आहे. चेक प्रजासत्ताक आणि जर्मनीच्या सीमेवर त्सीनोवेट्स नावाचं गाव आहे, पलीकडच्या जर्मन बाजूला झिनवाल्ड. या अभ्रकाला नाव तिथूनच मिळालं. तिथे शतकानुशतकं कथील आणि नंतर टंगस्टन काढलं. चेक बाजूची खाण १९९० मध्ये बंद झाली. पुढे त्याच ग्रायझनमधलं लिथियम मोजायला पुन्हा बोअरहोल घेतले. तिथे नवा साठा "सापडला" नाही. जो अभ्रक पूर्वी टाकाऊ होता, त्याकडे नव्या गरजेने पाहिलं गेलं आणि मग छिद्रं पाडून, प्रत मोजून, पायरी लिहून आकडे मांडले गेले.

संशोधकांचंही थोडं चुकतं

टीका फक्त पत्रकारांवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. बंद खाणीवर काम करताना आपण विद्यार्थी ज्या चुका करतो त्या बारीक आहेत, आणि म्हणून जास्त टिकतात.

पहिली: उरलेल्यावरून गेलेल्याचा अंदाज. जुन्या खाणकामगारांनी शिरेतला सर्वांत चांगला भाग आधी काढला. आज भिंतीत किंवा छत तोलणाऱ्या खांबांत दिसतं ते त्यांनी सोडून दिलेलं आहे. त्याचे नमुने घेऊन "या खाणीची प्रत कमी होती" असं लिहिणं म्हणजे पंगत उठल्यावर पत्रावळ्या पाहून मेन्यू ठरवणं. शिवाय वुल्फ्रमाइट शिरेत सारखं पसरलेलं नसतं, गोळ्या-गोळ्यांनी येतं. एका मुठीत भरपूर, शेजारच्या मुठीत शून्य. पाच नमुन्यांची सरासरी इथे काही सांगत नाही.

दुसरी: टाकाऊ ढिगाऱ्याचे नमुने. टंगस्टनवाल्यांना अभ्रक नको होता, म्हणजे तो ढिगाऱ्यात गेला, म्हणजे ढिगारा लिथियमचा चांगला नमुना. असं मलाही वाटलं होतं. पण अभ्रक पापुद्र्यासारखा चपटा असतो, पाण्याबरोबर तरंगत लांब जातो. धुणीच्या जागेजवळ भरड कण राहतात आणि बारीक पापुद्रे पुढे वाहून साचतात. नमुना कुठून घेतला यावर तुमचं उत्तर दुप्पट किंवा निम्मं होऊ शकतं. धुण्याची पद्धत समजून न घेता ढिगाऱ्याचं विश्लेषण करू नका.

तिसरी: दिव्याची चूक. शीलाइट, म्हणजे कॅल्शियमचं टंगस्टेट, अतिनील दिव्याखाली निळसर पांढरं चमकतं. व्हिडिओत छान दिसतं, म्हणून आपण दिवा घेऊन जातो. पण वुल्फ्रमाइट चमकत नाही. वुल्फ्रमाइटच्या खाणीत दिवा मारून "टंगस्टन आढळलं नाही" असं लिहिलंत, तर तो दोष दिव्याचा नाही.

आणि कृपा करून बंद बोगद्यात शिरू नका. आतली हवा शिळी असते, लाकडी टेकू कुजलेले असतात, जमिनीत उभी विवरं पाण्याने भरलेली असतात. परवानगी, माहितगार माणूस आणि हेल्मेट यांशिवाय केलेलं फील्डवर्क ही बहादुरी नव्हे.

मग विषय सोडायचा का?

मुळीच नाही. प्रश्न बदला. "डेगानातील लिथियमचा प्रचंड साठा" हा विषय नाही, ते एक उत्तर आहे, आणि तेही दुसऱ्याचं. त्याऐवजी असं विचारा: डेगानासारख्या ग्रायझनमध्ये लिथियम नेमकं कोणत्या पिढीच्या अभ्रकात बसलं आहे? टंगस्टनच्या जुन्या टाकाऊ रेतीत झिनवाल्डाइट किती उरलं आणि कोणत्या आकाराच्या कणांत? झिनवाल्डाइटमध्ये लोह असल्यामुळे ते चुंबकाकडे ओढलं जातं, तर ते स्वस्तात वेगळं करता येईल का? यातला कुठलाही एक प्रश्न चार वर्षांत, एका विद्यार्थ्याच्या हातांनी, उपलब्ध प्रयोगशाळेत सुटू शकतो. साठा मोजणं सुटत नाही. त्याला ड्रिलिंगचा पैसा लागतो आणि तो फेलोशिपमध्ये नसतो.

विदर्भातल्या मित्रांनो, तुम्हाला नागौरला जायचीही गरज नाही. नागपूर जिल्ह्यात कुही, खोबना, आगरगाव या पट्ट्यात साकोली समूहाच्या खडकांत टंगस्टन आहे आणि त्यावर पूर्वी अन्वेषण झालेलं आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी जाहीर केली, तिच्यात लिथियम आहे तसं टंगस्टनही आहे. उद्या त्या पट्ट्याबद्दलही एखादी बातमी येईल. तेव्हा तुमच्याकडे मोजलेलं काहीतरी असावं.

ज्या वाचकाने निरोप पाठवला त्याला: मुलाखतीत ही बातमी काढलीस तर समोरून पहिला प्रश्न येईल, "हा आकडा कोणत्या पायरीचा आहे?" उत्तर खरं दे: "पायरी दिलेलीच नाही, म्हणून मी तो वापरत नाही." मग तुझा प्रश्न मांड. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात आता एकही आकडा नाही. पहिला आकडा चौथ्या पानावर आहे आणि त्याखाली कुणी, कुठे, किती नमुन्यांवरून मोजला ते लिहिलंय. गाइडनी त्या पानावर पेन्सिल लावली नाही.

तुमच्या मसुद्याचा पहिला परिच्छेद आजच काढा आणि समासात ते तीन शब्द लिहून बघा.